आंबट गोळ्या

"हात लावू नका त्या गोळ्यांना!"

मी दारातूनच ओरडले. आमच्या कर्करोगाच्या दवाखान्यासमोरच्या धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात चार बायका बसल्या होत्या. त्यातल्या तिघी दचकल्या. चौथी होती सुंद्राक्का चौगुले, आणि कुणाच्या ओरडण्यानं दचकणाऱ्यातली ती नव्हती. तिच्यापुढे पाटावर आम्ही दिलेल्या पाच बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. चौथ्या बाटलीतली तपकिरी कॅप्सूल तिनं नखानं उघडली, आतली भुकटी जिभेच्या टोकाला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"पीठ," ती म्हणाली. मग पाचवी बाटली घेतली, तीच तऱ्हा केली आणि डोळे बारीक केले. "ही आंबट. मालन, ह्या बारीलाबी तुझी आंबट निघाली."

मालननं माझ्याकडे चोरून पाहिलं, पण हात थांबवला नाही. आपली बाटली तिनं एका स्टीलच्या डब्यात पालथी केली. डब्यात आधीच कॅप्सूल होत्या. सुंद्राक्काच्या बाटलीतल्या असणार, कारण तिचीही बाटली रिकामी दिसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी माझी आग मस्तकात जायला फार वेळ लागत नाही. वॉर्डात मला 'मगदुमांची मिरची' म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण त्या सकाळचा राग निराळा होता. अकरा महिन्यांचं माझं काम त्या पाटावर कुणीतरी चाखून चाखून नासवत होतं.

"काय चाललंय हे, सुंद्राक्का?"

"बगतूया, कुठली खरी आन् कुठली खोटी." तिनं डोक्याचा रुमाल सारखा केला. केमोनं तिचे सगळे केस गेले होते, भुवयासुद्धा. त्यामुळे ती कायम थोडी आश्चर्यात असल्यासारखी दिसायची. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, अर्ध्या बाटल्यांत औशिद आन् अर्ध्यांत पीठ? शाळंत खिचडी शिजवती म्या. पीठ वळखायला काय डाक्तर लागतुय?"

ते खरं होतं. मीच सांगितलं होतं, कारण ते सांगणं नियमात होतं. केमोचा डोस दिला की आठ-दहा दिवसांत रक्तातल्या पेशी पडतात. पांढऱ्या पडल्या की साधा ताप जिवावर बेततो. आमचे डॉक्टर हर्डीकर तपासत होते, की डोसाच्या बरोबरीनं जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या तर हे पडणं कमी होतं का. साठ बायका घ्यायच्या, तीस जणींना जीवनसत्त्वं, तीस जणींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पिठाच्या कॅप्सूल. कुणाच्या बाटलीत काय, हे मला ठाऊक नाही, डॉक्टरांना ठाऊक नाही. यादी पुण्यात, मोहरबंद. शेवटी यादी उघडायची आणि दोन्हीकडची रक्तं ताडून पाहायची. बाटल्या देणं, दहाव्या दिवशी रक्त घेणं, उरलेल्या गोळ्या मोजणं, हे सगळं माझ्याकडे होतं. कधी एक आकडा चुकू दिला नव्हता मी.

आणि जे डॉक्टरांपासून आणि माझ्यापासून पुण्याच्या कपाटात लपवून ठेवलं होतं, ते या बाईनं जिभेच्या टोकावर घेऊन ठरवलं होतं. भुकटीत क जीवनसत्त्व, ते आंबट. पीठ म्हणजे पीठ.

"किती दिवस करताय हे?"

"दोन डोस झालं."

"दोन डोस! आणि मी मूर्खासारखी तुमच्या बाटल्यांत उरलेल्या गोळ्या मोजतेय!"

"मोजायला तीन-तीन ऱ्हाऊ देत व्हतो की आमी," मालन हळूच म्हणाली. तिला वाटलं, मला बरं वाटेल.

मी त्या चौघींना काय काय बोलले ते आज इथे लिहीत नाही. अडाणी तर म्हणालेच. तुमच्यासाठी चाललंय हे सगळं आणि तुम्हालाच त्याची किंमत नाही, असंही म्हणाले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. सुंद्राक्का तेवढी माझ्याकडे बघत होती.

"झालं का बोलून?" तिनं विचारलं.

"नाही झालं. या आंबट गोळ्या साठवून काय करताय? कुणाला देताय?"

"कस्तुराला."

"सगळ्या?"

"सगळ्या. माजी आन् मालनची बाटली आंबट निघाली, तिची नेमकी पिठाची. तिची पोरगी चार वर्साची हाय, शिस्टर. आमची पोरं लगनाची झाली, कुनाची नातवंडं खेळत्यात. आमी काय, आज हाय उद्या न्हाई. ती वाचाय पायजे. म्हनून आमी ठरीवलं, खरं औशिद तिच्या प्वाटात जाऊ दे."

कस्तुरा खोत. सव्वीस वर्षांची, स्तनाच्या कर्करोगाची, धर्मशाळेतली सगळ्यात धाकटी. तिचंच नाव ऐकून मला आठवलं की मी आज इथे का आले होते. गोळ्यांच्या रागात ते मी साफ विसरले होते.

"कस्तुरा कुठाय? आज तिचा दहावा दिवस. आठ वाजता रक्त द्यायला यायला हवी होती."

मालन चुलीकडे बघू लागली.

"वर हाय," सुंद्राक्का म्हणाली. "निजलीया."

"या वेळी?"

मी जिना चढले. कस्तुरा भिंतीकडे तोंड करून दोन गोधड्यांखाली झोपली होती. मे महिन्यातली ती सकाळ होती, पंखा लावूनही घाम निथळत होता, आणि ही दोन गोधड्यांखाली कुडकुडत होती. मी कपाळाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. थर्मामीटर लावला. एकशे तीन.

"कधीपासून?"

"काल दुपारपास्नं," ती पुटपुटली. "उतरंल, ताई."

धर्मशाळेच्या प्रत्येक खोलीत मी स्वतःच्या हातानं लाल शाईत लिहून कागद चिकटवला होता: ताप शंभरावर गेला की एका तासात दवाखान्यात या, कितीही वाजले असले तरी. तिच्या उशापासून तो कागद दोन हातांवर होता. काल दुपारपासून म्हणजे अठरा तास. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे. अठरा तासांत दोनशे पावलं कुणाला चालवली नाहीत!

मी जिन्यातूनच खाली ओरडले. "सतरंजी आणा! कुणीतरी धावत जाऊन स्ट्रेचर सांगा!"

स्ट्रेचरची वाट कुणी पाहिली नाही. चार बायकांनी सतरंजीची चार टोकं धरली. सुंद्राक्काचा डोस होऊन चारच दिवस झाले होते, तिला स्वतःलाच उभं राहता येत नव्हतं, तरी एक टोक तिच्या हातात होतं. मी पुढे जाऊन रस्त्यातल्या रिक्षा अडवत होते, शिव्या देत होते. रिक्षावाल्यांना आणि मागून येणाऱ्या या बायकांनाही.

"कळत कसं नाही तुम्हाला? वाचता येतं ना? लाल शाईत लिहिलंय ना?"

"येतंय वाचाय," सुंद्राक्का धापा टाकत म्हणाली. "चला म्होरं."

रक्ताचा कागद तासाभरात आला. पांढऱ्या पेशी तीनशे. निरोगी माणसात त्या निदान चार हजार असतात. सलाईनमधून अँटिबायोटिक्स सुरू झाली, पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं गेलं, कस्तुराला काचेच्या खोलीत हलवलं. तिच्या नवऱ्याला गावी फोन गेला. मग डॉक्टर हर्डीकरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

मी सगळं सांगितलं. आंबट, पीठ, डबा, तीन-तीन गोळ्या. हर्डीकर शांत माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. चष्मा पुसत ऐकून घेतलं.

"धर्मशाळेतल्या पाचही बायका अभ्यासातून काढा," ते म्हणाले. "कारण लिहा, स्वेच्छेनं सोडलं."

"स्वेच्छेनं? सर, यांनी गोळ्या बदलल्यात!"

"मगदूम सिस्टर, ते लिहिलं की अभ्यासावर देखरेख करणारी समिती विचारणार. बदलल्या का? समजावून सांगितलं नव्हतं का? त्यांचा गैरसमज का झाला?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्ही समजावून सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं होतं की! एकेकीला फॉर्म वाचून दाखवलाय. सह्या आहेत."

"मग प्रश्न मिटला. चूक त्यांची."

"त्यांचीच," मी म्हणाले.

याला आता अठरा वर्षं झाली. मी रिटायर झाले, हर्डीकर वारले. पण ते 'त्यांचीच' मी किती ठणकावून म्हणाले होते, ते अजून माझ्या कानात आहे. माझा राग खराच होता, त्यात नाटक नव्हतं. खोटं बोलतोय हे माणसाला ठाऊक असतं तेव्हा त्याचा आवाज इतका चढत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराला थोडी शुद्ध आली. नाकाला ऑक्सिजनची नळी, ओठ कोरडे पडलेले. मी मास्क आणि गाऊन घालून आत गेले. बाहेर बाकावर सुंद्राक्का बसली होती. कालपासून हलली नव्हती. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई," कस्तुरा म्हणाली, "आक्कावर रागावलाय व्हय?"

"तू आधी बरी हो. मग बघते एकेकीला."

"आक्काचं काय चुकल्यालं न्हाई. म्यांच सांगितलं तिला."

"काय सांगितलंस?"

"तुमी म्हनला व्हता न्हवं? ह्या गोळ्या घेतल्या की प्येशी पडत न्हाईत म्हनून. त्येच सांगितलं म्या सगळ्यास्नी." ती दम खायला थांबली. "म्हनून तर ताप आला तरी भ्या वाटलं न्हाई. म्हनलं, साधा आसंल. आंबट गोळ्या खातुया आपन. सांगितलं तर पुन्ना डोस म्होरं ढकलतील, आन् जूनला पोरीला शाळंत घालायचीय."

मी तिचं सलाईन तपासू लागले.

"मग ताई," तिनं विचारलं, "पडल्या कशा वो?"

तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"बोलू नकोस," मी म्हणाले. "दमशील."

मी बाहेर आले आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडला. तिथे उभी असताना मला फेब्रुवारीतली ती दुपार जशीच्या तशी आठवली. आठवली म्हणणंही चूक आहे, कारण मी ती विसरले कधीच नव्हते. फक्त तिच्याकडे बघत नव्हते.

पहिल्या डोसानंतरच कस्तुरा हबकली होती. ताप येऊन आठवडाभर दवाखान्यात पडली होती. त्या दुपारी ती पिशवी भरून निघाली होती. म्हणत होती, रोगानं मरायची ती मरीन, पण हे नको. आणि माझ्या यादीत साठातली एक्केचाळीसच नावं होती. दर सोमवारी हर्डीकर त्यांच्या शांत आवाजात विचारायचे, "सिस्टर, नावं कधी पुरी होणार?" मी कस्तुराला बाकावर बसवलं. फॉर्म उघडला. 'अर्ध्या रुग्णांना औषधी द्रव्य नसलेल्या गोळ्या' आणि 'उपयोग होईलच असे सांगता येत नाही' हे मी एका दमात, रेल्वेचं वेळापत्रक वाचावं तसं वाचून टाकलं. मग बोटानं सहीची जागा दाखवली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"घे गं," म्हणाले. "या गोळ्यांनी पेशी पडत नाहीत. फक्त खरी बाटली तुझ्या नशिबात निघायला हवी."

"मग तापाचं भ्या न्हाई?" तिनं विचारलं होतं.

आणि मी हसून म्हणाले होते, "नाही गं, वेडे."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ती जावी असं मला वाटत नव्हतं, हे खरं आहे. तिनं उपचार सोडले असते तर ती गेलीच असती, हेही खरं आहे. पण मला बेचाळिसावं नाव हवं होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि यातलं कुठलं खरं किती, याचा हिशेब मला आजतागायत लागलेला नाही. आम्ही जे विचारायला निघालो होतो त्याचं उत्तर मी तिला आधीच देऊन टाकलं होतं. त्या बायकांनी काय वेगळं केलं? सिस्टरनं सांगितलं यानं जीव वाचतो, म्हणून आपल्या वाट्याचा जीव उचलून तिच्या ताटात वाढला. मी त्यांना अडाणी म्हणाले होते.

नळ बंद करून परत काचेच्या खोलीत जावं, असं मनात आलं होतं. तिला सांगावं, की मी चुकीचं बोलले. पण मला धीर झाला नाही. उद्या सांगू म्हटलं, जरा बरी होऊ दे.

कस्तुरा गुरुवारी दुपारी सव्वाबाराला गेली. नवरा पोचला होता, एवढंच त्यातल्या त्यात.

संध्याकाळी मी समितीचा फॉर्म काढला. 'घटनेचे कारण' या रकान्यात लिहिलं: रुग्णाने ताप अठरा तास लपवला, कारण या गोळ्यांनी पेशी पडत नाहीत आणि तापाचे भय राहत नाही असे तिला नोंदणीच्या वेळी सांगण्यात आले होते. सांगणारी, शैलजा मगदूम. गोळ्यांच्या अदलाबदलीचंही सगळं लिहिलं, आणि ती याच सांगण्यातून झाली असंही लिहिलं. खाली सही केली. हर्डीकरांनी ते वाचलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"अक्कल आहे का तुम्हाला? हे मी पाठवू?"

"पाठवू नका, सर. मी आधीच एक प्रत टपालात टाकलीय."

"तुमचं काय होईल, कळतंय?"

"तिचं झालं ते कळलंय," मी म्हणाले, आणि दार आपटून बाहेर आले. दार आपटायचा मला काही अधिकार नव्हता. पण तेव्हा एवढंच करता आलं.

अभ्यास पंधरा दिवसांत बंद झाला. मला ड्रेसिंगच्या खोलीत टाकलं, तिथे मी उरलेली नोकरी केली. पण त्याआधी एक काम माझ्याकडे राहिलं होतं: धर्मशाळेत जाऊन बाटल्या गोळा करायचं.

सुंद्राक्का एकटीच होती. बाकीच्या डोसाला गेल्या होत्या. तिनं बाटल्या काढून दिल्या, मी पिशवीत भरल्या. मी निघणार तेवढ्यात ती म्हणाली, "शिस्टर, बसा वाईच. एक इचारायचं हाय."

मी बसले.

"खरं सांगायचं. ती आंबट गोळी खाल्ली तर रगत टिकतंय का न्हाई?"

"माहीत नाही."

"तुमास्नी न्हाई. डाक्तरला?"

"त्यांनाही नाही. तेच तर आम्ही बघत होतो, सुंद्राक्का. टिकतं की नाही, तेच."

भुवया नसलेल्या तिच्या चेहऱ्यावर नेहमीचं ते आश्चर्य दिसत होतं, पण या वेळी ते खरं होतं.

"म्हंजी कुनालाच ठावं नव्हतं."

"नाही."

"आन् तिला काय सांगितलं तुमी, त्ये कस्तुरानं सांगितलंय मला. आदीच सांगितलंय."

मी मान खाली घातली. मला वाटलं, ही आता तोंड सोडेल, मी तिला बोलले होते त्याच्या दहापट बोलेल. मारलं असतं तरी चाललं असतं. पण ती भिंतीला धरून उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पहिल्यांदाच एकेरीवर आली.

"'म्हाईत न्हाई,'" ती म्हणाली. "येवढंच बोलायचं व्हतंस गं, बाई. तासाच्या आत आली आसती पोरगी."